नदीकाठच्या झाडीत पक्षी दिसत नाहीत? चालणं कमी करा, झाड निवडा आणि बसा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर कळेल. तुम्ही पुण्यात राहता, मार्चमधल्या एका रविवारी वडील (वय ६८, गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन नदीकाठच्या झाडीत दिवसभराची पक्षी बघायची ट्रिप करायचीय. गेल्या वर्षी असेच गेला होतात, तीन तास चाललात, झाडीतून आवाज भरपूर येत होते पण कावळे, साळुंक्या आणि एक खंड्या सोडून काही दिसलं नाही आणि मुलगी कंटाळून गेली. आता विचारताय की जागा कोणती, दुर्बीण कोणती, निघायचं किती वाजता आणि मुलीला स्वर्गीय नर्तक दिसेल का.

मी वीसेक वर्षं पुण्याच्या आसपास नद्यांच्या काठाने फिरतेय, नवीन लोकांना घेऊनही बऱ्याचदा जाते, आणि खरं सांगू का, तुमच्या प्रश्नात जागेचा नंबर तिसरा लागतो. गेल्या वर्षी तुम्ही जिथे गेलात तिथे पक्षी होतेच, आवाज येत होते म्हणजे होतेच ना. अडचण अशी की पाणथळ जागी पक्षी उघड्यावर असतो, बदक बदकासारखं समोर बसलेलं असतं, पण नदीकाठची झाडी म्हणजे करंज, उंबर, वाळुंज, जांभूळ, खाली घाणेरी आणि निर्गुडी, म्हणजे पानांचा पडदाच. त्या पडद्याजवळून चार माणसं बोलत, पाचोळा तुडवत चालली की आतला पक्षी गप्प होतो आणि पानाआड सरकतो, तुम्ही पुढे गेलात की दोन मिनिटांत परत बोलायला लागतो, त्यामुळे तुमच्या पुढेही आवाज आणि मागेही आवाज आणि तुम्ही असता तेवढ्या जागी शांतता, असं तीन तास चालू राहतं. हे माझ्या बाबतीत पहिली चार-पाच वर्षं झालंय.

मग एकदा काय झालं, बरोबरची मैत्रीण रस्ता चुकली आणि मला तिची वाट बघत मुळेच्या काठी एका उंबराखाली थांबावं लागलं. करायला काही नव्हतं म्हणून खोडाला पाठ टेकून बसले. पहिली पंधरा मिनिटं काही नाही. मग एक नाचण खाली उतरला, शेपटीचा पंखा उघडत-मिटत माझ्यापासून सात-आठ फुटांवर पाचोळ्यातले किडे उडवायला लागला, मग शिंपी पक्ष्याची जोडी, मग वरून उंबरं टपटप पडायला लागली म्हणून मान वर केली तर ज्या फांदीवर मी आधी तीनदा दुर्बीण लावून ‘काही नाही’ म्हटलं होतं तिथे अकरा हरियल बसलेले! हिरव्या पानांत हिरवट पिवळे, अजिबात न हलणारे, फक्त फळ खुडताना मान लांब करायचे तेवढीच काय ती हालचाल. आपला राज्यपक्षी माझ्या डोक्यावर तासभर नाश्ता करत होता आणि मी चालत असते तर ‘इथे काही नाही’ म्हणून पुढे गेले असते. त्या दिवसापासून मी माझी पद्धतच बदलली, चालायचं ते फक्त एका बसायच्या जागेपासून दुसऱ्या बसायच्या जागेपर्यंत. दिवसभरात तीन किंवा चार बैठका, प्रत्येक बैठक कमीत कमी चाळीस मिनिटांची. आणि बघा, तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांना आणि मुलीच्या पायांना पण हेच सोयीचं आहे.

आता बसायचं कुठे हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मार्चमध्ये झाडंच देतात. फेब्रुवारीत काटेसावर, मार्चमध्ये पांगारा आणि पळस, ही सगळी झाडं पानं टाकून बसलेली आणि फुलांनी भरलेली असतात, म्हणजे पडदाही नाही आणि पक्ष्यांना खायलाही भरपूर. पानझडीचा हा एवढाच काळ असा असतो की नदीकाठच्या झाडीतलं काही तरी आपल्याला आरपार दिसतं. मी एकच फुललेलं झाड धरते, त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलं लांब, सावलीत, ऊन माझ्या पाठीशी येईल असं बसते आणि मग जे येईल ते बघत राहते. जांभळा शिंजीर येतो, नर या दिवसांत पूर्ण रंगात असतो, सावलीत नुसता काळा ठिपका वाटतो पण फुलाकडे वळताना ऊन पडलं की निळा-जांभळा झळाळतो. लालबुड्या बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, चष्मेवाला, हळद्या, कधी टकाचोर. पांगाऱ्याच्या फुलात चोच घातलेला बुलबुल बाहेर आला की त्याच्या कपाळाकडे बघायला सांगा मुलीला, परागकण लागून पिवळसर-तपकिरी टिळा लागल्यासारखा दिसतो, आणि तोच टिळा घेऊन तो पुढच्या फुलात शिरतो. परागीभवन शाळेच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा हे एकदा बघितलं की विसरत नाही.

फुलांवर भोरड्यांचा थवा आला तर मग विचारूच नका. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि शंभर-दोनशे जणांचा एकत्र कलकलाट. थंडीत ज्वारीच्या शेतांवर येतात त्याच या, मार्चमध्ये त्या परतीच्या प्रवासाच्या तयारीत असतात, मध्य आशियात जाऊन पिल्लं काढतात. एप्रिल मध्यापर्यंत बहुतेक निघून जातात.

झाड निवडताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती लोक विसरतात. सावरीवर किंवा मोठ्या उंबरावर आग्या मोहोळ आहे का ते लांबून दुर्बिणीने आधी बघा. असेल तर ते झाड सोडून द्या, कितीही पक्षी असले तरी. अत्तर, बॉडी स्प्रे काही लावू नका, जवळपास कोणी शेकोटी किंवा धूर करत असेल तर लगेच लांब जा. आणि गवतातून चालताना सगळ्यांच्या पायात बंद बूट हवेत, नदीकाठी घोणस असते, उन्हं तापायला लागली की दगडांच्या कडेला, गवतात पडून राहते.

तुम्ही मार्चच निवडलाय ते उत्तम. पुण्याकडे वसंत म्हणजे दोन ऋतूंची गाठ पडते तो काळ. हिवाळी पाहुणे अजून पूर्ण गेलेले नसतात आणि इथल्या पक्ष्यांची गाणी, जोड्या, घरटी सुरू झालेली असतात. शिवाय पाहुणे जाताना नवे कपडे घालून जातात, हे मला फार आवडतं. डिसेंबरात मळकट दिसणारा पिवळ्या डोक्याचा धोबी मार्चमध्ये खरोखर पिवळ्याधमक डोक्याचा झालेला असतो, पांढऱ्या धोब्याच्या छातीवरचा काळा पट्टा वाढून गळ्यापर्यंत पोचतो. मी स्वतः १० ते २५ मार्चमधला दिवस धरते. पण हे त्या वर्षीच्या हवेवर अवलंबून आहे, फेब्रुवारीच तापला तर बदकं लवकर जातात आणि पळसही लवकर झडतो, त्यामुळे तारखेला घट्ट धरून बसू नका. आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढून एकट्याने जाऊन या, कुठलं झाड फुललंय, कुठल्या उंबराला फळं पिकलीत, बसायला सावली कुठे, वडील तिथपर्यंत चालू शकतील का, एवढं बघून ठेवा. पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात कामाचा तास हाच.

एक गोष्ट मात्र मार्चमध्ये मिळणार नाही ती आधीच सांगते म्हणजे मुलगी नाराज व्हायला नको. सुगरणीची घरटी दिसतील, पाण्यावर झुकलेल्या बाभळीला लटकलेली, पण ती जुनी, रिकामी. सुगरण विणायला बसते पावसाळ्यात. त्यासाठी ऑगस्टमध्ये परत या.

आता कान. झाडीत आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, म्हणून दहाबारा आवाज ओळखता आले तर निम्मं काम झालं. सगळे एकदम शिकायला जाऊ नका, चार पुरेत. पहिला तांबट, टुक टुक टुक टुक एका लयीत, भर उन्हातही थांबत नाही. पुण्यात तांबट आळीतून कधी गेला असाल तर भांड्यावर हातोडी पडते तो ठोका आठवा, नाव तिथूनच आलंय. दुसरा कुटुर्गा, ‘कुटूर्र कुटूर्र’ करून सगळी झाडी डोक्यावर घेतो. तिसरा दयाळ, पहाटे उंच टोकावर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा. चौथा पावशा, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’, मार्च संपता संपता सुरू होतो आणि त्याची पट्टी चढत चढत जाते. वडिलांना हे आवाज ओळखीचे असण्याची दाट शक्यता आहे, नावं नसतील माहीत पण आवाज लहानपणापासूनचे असतात, आवाज ओळखायचं काम त्यांच्याकडे द्या. मी माझ्या सासऱ्यांना नेलं होतं तेव्हा पावशा त्यांनी माझ्या आधी ऐकला आणि मग गावाकडच्या पेरणीच्या गोष्टी सांगत राहिले, नातवंडं ऐकत बसली.

तांबट दिसायला अवघड असतो कारण चिमणीपेक्षा जरासाच मोठा आणि पानांच्याच रंगाचा. पण या दिवसांत तो वाळक्या फांदीत ढोली कोरतो, तेव्हा पान नसलेल्या फांद्या बघा, विशेषतः पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या मेलेल्या फांद्यांची खालची बाजू. अचूक गोल भोक दिसलं की थांबा. एकदा मी अर्धा तास फक्त हेच बघत बसले होते. शेपटी बाहेर, डोकं आत, आतून ठकठक, मग मागे सरकून बाहेर यायचा तेव्हा चोचीत भुसा भरलेला, मान झटकून तो उडवायचा आणि परत आत. कपाळावरचा लाल ठिपका, पिवळा गळा आणि फांदीला धरलेले लाल पाय, सगळं स्वच्छ दिसत होतं. मध्येच जोडीदार यायचा आणि पाळी बदलायची. अशी ढोली सापडली तर लांबूनच बघा, खाली जाऊन उभं राहू नका.

मर्लिनसारखी आवाज ओळखणारी ॲप वापरायला हरकत नाही, मीही वापरते, पण ती सांगते ते लगेच वहीत लिहू नका. आपल्याकडे पर्णपक्षी दुसऱ्यांच्या नकला करतो, कोतवाल, बुलबुल, शिक्रा, वाटेल त्याचा आवाज काढतो, कोतवालही शिक्र्याची नक्कल करतो, मग ॲप शिक्रा दाखवतं आणि वर बसलेला असतो तो हिरवा पर्णपक्षी. ॲपने नाव दाखवलं की त्या दिशेला बघा, दिसला तर लिहा. उलट एक आवाज असा आहे जो कुठल्याही ॲपपेक्षा जास्त सांगतो, तो म्हणजे एकदम उठलेला गोंधळ. खारी चिरकतायत, बुलबुल ओरडतायत, कोतवाल एकाच फांदीवर झेपा घेतोय, असं असेल तर तिथे शिक्रा, घुबड, साप किंवा मांजर यातलं काहीतरी आहे. बहुतेक वेळा पिंगळा सापडतो, ढोलीच्या तोंडाशी बसून डोकं वर-खाली करत आपल्याकडे टक लावून बघणारा, मुलांना हा पक्षी हमखास आवडतो.

आता जागा. मी तीन सांगते आणि प्रत्येकीचं खरं काय ते सांगते. औंध-बाणेरच्या बाजूला राम नदी मुळेला मिळते तो काठ, झाडी म्हणून मला सगळ्यात प्रिय, वाळुंज, उंबर, करंज अशी खरी नदीकाठची झाडं अजून आहेत तिथे. पण काठाची कामं चालू असतात, वाटा बदलतात, म्हणून आधी बघून येणं तिथे सक्तीचंच समजा. दुसरी, कल्याणीनगर-येरवड्याच्या बाजूची मुळा-मुठेच्या काठची जागा, जी डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखली जाते, शहरात असल्यामुळे वडिलांना घरी लवकर परतायचं झालं तर सोपं. तिसरी कवडी, सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, पुणे स्टेशनपासून वीसेक किलोमीटर. तिथे झाडी कमी, पण बंधाऱ्यापाशी पाणपक्षी भरपूर. माझा सल्ला असा की सकाळ पहिल्या दोनपैकी एका ठिकाणी झाडीत घालवा आणि संध्याकाळ कवडीला.

यात दिशेचं गणित आहे ते सांगते, कारण निम्मे लोक ऊन डोळ्यांवर घेऊन बघतात आणि मग सगळे पक्षी काळे दिसले म्हणतात. मुळा आणि मुठेच्या संगमापासून पुढे मुळा-मुठा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. म्हणजे सकाळी प्रवाहाच्या उलट दिशेने गेलात तर सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी प्रवाहाबरोबर. कल्याणीनगरच्या काठावरून नदी दक्षिणेला पडते, म्हणजे ऊन वर चढलं की चमक डोळ्यांवर येते, तिथे नऊच्या आत उरकायचं. कवडी गावच्या बाजूने नदी उत्तरेला, ऊन मागून किंवा बाजूने, म्हणून तिथे जरा उशिरा पोचलात तरी रंग दिसतात. कवडीला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात चक्रवाकाची जोडी मिळू शकते, चित्रबलाक, शराटी, नदीसुरय, हळदीकुंकू बदक, तारवाली भिंगरी, तीन-चार प्रकारचे धोबी. शेकाट्यांची प्रचंड गर्दी असते, लाल लांब पाय, मुलं खूष होतात, पण मुलीला हेही सांगा की शेकाटा घाण पाण्यातही मजेत जगतो, त्याची गर्दी म्हणजे नदी चांगली आहे असं नाही. पाण्याला वास येतो, फेस असतो. मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका आणि खायच्या आधी साबणाने हात धुवा.

झाडीत बसलात तरी नदीचा काठ स्वतः बघायला विसरू नका, म्हणजे पाण्याकडे उतरलेली मातीची उभी कड. खंड्या, छोटा खंड्या, वेडा राघू हे सगळे अशा कडेत बीळ खणून पिल्लं काढतात. वेडा राघू मार्चमध्ये खणताना हमखास दिसतो, पायांनी माती मागे उडवतो, बिळाच्या तोंडातून मातीचा छोटा फवारा उडताना दिसला की समजा आत पक्षी आहे. मी एक अशी कड ओळखत होते, दोन माणसं उंच, तिच्यात दरवर्षी खंड्याचं बीळ असायचं. तिथे दगडी भिंत झाली. खंड्या अजून तिथल्या तारेवर बसतो, मासे धरतो, पण भिंतीत बीळ खणता येत नाही. लोकांना वाटतं नदी म्हणजे पाणी, पण पक्ष्याला नदी म्हणजे ती मातीची कड, ते पाण्यावर झुकलेलं वाळुंज, तो चिखलाचा पट्टा, हे सगळं मिळून लागतं. मुलीला ती कड नक्की दाखवा.

वेळ. मार्चच्या मध्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. तुम्ही साडेसहाला जागेवर बसलेले असायला हवं, घरातून निघालेले नाही. पहिला दीड तास सोन्याचा. या वेळी आधी निष्पर्ण झाडांचे शेंडे बघा, हरियल, पोपट, हळद्या, कधी राखी धनेश ऊन खायला शेंड्यावर येऊन बसतात, नंतर पानांत गेले की गेले. साडेआठ-नऊला न्याहारी, धपाटे, दशम्या, उकडलेली अंडी, जे काय असेल ते, आवाज करणारी पाकिटं नकोत. दहानंतर ऊन तापतं आणि झाडी गप्प होते. अकरा ते साडेतीन सरळ घरी जा किंवा कोणाकडे तरी जाऊन जेवा, झोपा. दिवसभराची ट्रिप म्हणजे दिवसभर उन्हात राहायचं असं नाही, ६८ वर्षांच्या माणसाला मार्चच्या दुपारी नदीकाठी बसवून काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घडीचं स्टूल वडिलांसाठी. आणि कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते, या जागांवर स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका, बायका-मुली असतील तर आधीच जवळचा पेट्रोल पंप किंवा हॉटेल बघून ठेवा. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेणं हा उपाय नाही.

दुर्बिणीबद्दल सरळ सांगते, ८x४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटर रुंद असलेली. जाहिरातीत वीस पट, तीस पट दाखवतात त्याच्या नादी लागू नका. जितकी पट जास्त तितका हाताचा कंप जास्त आणि दिसणारं क्षेत्र कमी, आणि झाडीत फांद्यांमधून उड्या मारणारा पक्षी त्या चिमुकल्या क्षेत्रात पकडणं नवख्याला जमत नाही. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, म्हणजे तेवढे मिलिमीटर रुंद प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, सावलीत आणि पहाटे त्याचा फरक कळतो. मुलीला ४२ ची जड होईल, तिच्यासाठी ८x३२ ची बघा, पण आधी कोणाची तरी हातात देऊन बघा, दोन डोळ्यांमधलं अंतर तिच्या चेहऱ्याला बसेल एवढं कमी होतं का ते तपासा, नाहीतर तिला दोन गोल दिसत राहतील आणि ती दुर्बीणच नको म्हणेल. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली करायचे. आणि सवय अशी लावा की नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण खाली बघून दुर्बीण उचलतात आणि मग आकाशात पक्षी शोधत बसतात. घराच्या बाल्कनीतून समोरच्या तारेवरच्या कावळ्यावर आठवडाभर सराव करा.

एक विनंती, आणि ती मनापासून आहे. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. हा विणीचा हंगाम आहे, नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. मी एका ग्रुपबरोबर गेले होते तेव्हा कोणीतरी दयाळाचा आवाज लावला, फोटो हवा होता म्हणून, तो नर वीस मिनिटं फांदीवरून फांदीवर धावत राहिला, छाती फुगवून, शेपटी उभी करून, त्या वेळात तो खाणार होता, मादीजवळ राहणार होता. फोटो छान आले होते. मी तेव्हा गप्प बसले याचं आजही वाईट वाटतं. घरट्याचंही तसंच, शिंप्याने शिवलेली पानं दिसली तर जवळ जाऊन पान बाजूला करून बघायचं नाही, आपण वाट मोकळी केली की कावळा आणि भारद्वाज मागून येतात.

तर थोडक्यात, आदल्या आठवड्यात झाड शोधून ठेवा, साडेसहाला त्याच्यासमोर ऊन पाठीशी घेऊन बसा, सकाळी दोन बैठका, दुपारी घर, संध्याकाळी कवडी. किती प्रकार दिसतील? पहिल्यांदा जाणाऱ्यांबरोबर माझ्या सकाळी पंचवीस ते चाळीसच्या मध्ये कुठेतरी असतात, हवा ढगाळ असेल, जवळ कुठे लाऊडस्पीकर चालू असेल तर कमी. मुलीला मात्र पूर्ण यादी करायला लावू नका. तिला एकच झाड द्या आणि विचारा, या झाडावर कोण कोण आलं आणि काय खाल्लं. एवढंच तिने वहीत लिहायचं. माझ्या अनुभवात मुलं नावांना कंटाळतात, पण कोण कोणाला हाकलतंय आणि कोण चोरून खातंय याला कधीच कंटाळत नाहीत.

राहिला स्वर्गीय नर्तक. मार्चमध्ये तो पुण्याच्या नदीकाठी असतो पण हमी कोणीच देऊ शकत नाही. लांब पांढऱ्या फितीच्या शेपटीचा नर सगळे शोधतात, पण नराला ती शेपटी यायला दोन-तीन वर्षं लागतात, मादीला आणि लहान नराला ती नसते, विटकरी पाठ, काळं तुरेवालं डोकं, एवढंच, आणि असे जास्त दिसतात. लोक बुलबुल समजून सोडून देतात. तो दाट सावली आणि पाणी दोन्ही असेल तिथे असतो, आणि अंघोळीला फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो, परत फांदीवर, परत सूर. म्हणून कवडीला निघायच्या आधी चार ते पाच हा तास एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी, झाडाखाली साचलेल्या शांत, त्यातल्या त्यात स्वच्छ पाण्यासमोर बसा. मुलीला सांगा की पाण्याकडे बघायचं, झाडाकडे नाही, पाण्यावर गोल उठला की मगच वर बघायचं. मला माझा पहिला असाच दिसला होता, मी पाण्यात पडलेलं पान बघत होते आणि त्या पानाशेजारी काहीतरी पांढरं पाण्याला टेकून वर गेलं, मान वर केली तर करंजाच्या फांदीवर तो पंख झटकत बसला होता आणि शेपटीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं.